हेलसिंकीची क्रीडांगणे

युरोप खंडाच्या उत्तरेस फिनलंड नावाचा एक देश आहे. घनदाट अरण्ये आणि असंख्य सरोवरे हे त्या भूमीचे वैभव. तेथील हिवाळा दीर्घ व कडक असतो. ऐन हिवाळ्यात राजधानी हेलसिंकीत दिवस जेमतेम सहा तासांचा होतो, तर उन्हाळ्यात रात्र केवळ नावापुरती उरते. या समुद्रकाठच्या नगरीत एक उंच, सडपातळ, पांढराशुभ्र मनोरा आकाशात उभा आहे. तो कोणा सम्राटाच्या विजयाचे स्मारक नव्हे, किंवा कोणा देवालयाचे शिखरही नव्हे. तो आहे एका क्रीडांगणाचा मनोरा. त्याची उंची ७२ मीटर ७१ सेंटिमीटर आहे. १९३२ साली लॉस एंजलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत मत्ती यार्विनेन या फिनिश वीराने भाला फेकून सुवर्णपदक मिळविले. त्याचा भाला जितक्या अंतरावर जाऊन पडला, नेमकी तितकीच उंची या मनोऱ्याला देण्यात आली. राजाच्या पराक्रमाऐवजी एका खेळाडूच्या भुजबळाचे माप इमारतीला द्यावे, यातच त्या राष्ट्राची वृत्ती दिसून येते.

या खेळाच्या प्रेमामागे इतिहास आहे. फिनलंड प्रथम स्वीडनच्या व १८०९ पासून रशियाच्या सत्तेखाली होता. १९१२ साली स्टॉकहोम येथे हान्नेस कोलेहमाइनेन या फिनिश धावपटूने तीन सुवर्णपदके जिंकली; परंतु त्याच्या सन्मानार्थ जो ध्वज चढला, तो रशियाचा होता. विजय आपल्या माणसाचा आणि ध्वज मात्र परक्याचा, हे शल्य फिनिश लोकांच्या मनात खोल रुतले. डिसेंबर १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्यानंतर पावो नुर्मी या धावपटूने ऑलिंपिकमध्ये एकूण ९ सुवर्ण व ३ रौप्यपदके मिळवून या नवोदित राष्ट्राचे नाव जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविले. आपल्या भूमीवर सर्व जगाला पाचारण करावे, आणि आपल्या ध्वजाखाली आपल्या खेळाडूंनी धावावे, ही आकांक्षा अशा वेळी लोकांच्या मनात उत्पन्न झाली नसती तरच नवल!

या आकांक्षेला आकार देण्यासाठी १९२७ साली एक विश्वस्त संस्था स्थापन झाली. क्रीडांगणाच्या रचनेसाठी स्पर्धा जाहीर करण्यात आली आणि युर्यो लिंडेग्रेन व तोइवो यान्ती या दोन वास्तुशिल्पज्ञांची योजना पसंत ठरली. १९३४ च्या फेब्रुवारीत काम सुरू झाले आणि १२ जून १९३८ रोजी क्रीडांगणाचे उद्घाटन झाले. त्या काळी युरोपात वास्तुकलेचा एक नवा पंथ उदयास आला होता. इमारत ज्या कामासाठी बांधावयाची, त्या कामाला अनुरूप असाच तिचा आकार असावा. निष्कारण खांब, कमानी व नक्षी यांचा भार तिच्यावर लादू नये, असे त्या पंथाचे म्हणणे. हेलसिंकीचे क्रीडांगण हे या विचाराचे उत्तम उदाहरण समजले जाते. 

क्रीडांगण म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. त्याच्या रचनेत पुष्कळ विचार असतो. मध्यभागी हिरवळीचे मैदान असते. तेथे चेंडूचे सामने होतात, भाला व थाळी फेकली जाते. त्याच्या भोवती धावण्याचा लांबट गोल मार्ग असतो. आतल्या कडेने एक फेरी पूर्ण केली म्हणजे ४०० मीटर अंतर होते. बाहेरच्या पट्ट्यातून धावणाऱ्याला वळणावर अधिक अंतर पडते. म्हणून पूर्ण फेरीच्या शर्यतीत प्रत्येकाची प्रारंभरेषा थोडी थोडी पुढे आखलेली असते. पाहणाऱ्याला हा पक्षपात वाटेल; परंतु अंतर सर्वांना सारखे मिळावे म्हणूनच ही योजना केलेली असते. प्रेक्षकांच्या बैठका पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातात. पुढील माणसाच्या डोक्यावरून मागील माणसाची दृष्टी थेट मैदानापर्यंत पोहोचली पाहिजे, हा त्या चढाचा हेतू. शिवाय हजारो माणसे थोड्या वेळात सुखरूप बाहेर पडावीत म्हणून सर्व बाजूंनी वाटा ठेवाव्या लागतात. थोडक्यात, खेळाडूला न्याय, प्रेक्षकाला दृष्टी आणि सर्वांना सुरक्षितता या तीन गोष्टी साधल्या, तरच क्रीडांगण चांगले म्हणावयाचे.

यांपैकी पहिली गोष्ट केवळ चुनखडी आणि सिमेंट यांनी साधत नाही, याचा प्रत्यय या नव्या क्रीडांगणाला उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत आला. २१ जून १९३८ रोजी तेथे १०० मीटरची शर्यत झाली. अब्राहम तोकाझियेर हा ज्यू धावपटू सर्वांच्या पुढे होता. पंचांनी मात्र त्याला चौथा क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात शर्यतीच्या शेवटच्या क्षणाचे छायाचित्र छापून आले. त्यात तोच प्रथम असल्याचे स्पष्ट दिसत होते. तरीही निकाल बदलला नाही. जर्मनीत त्या वेळी ज्यूद्वेषाचा वणवा पेटलेला होता. त्याची झळ हेलसिंकीच्या मैदानापर्यंत येऊन पोहोचली होती. पुढे ७५ वर्षे लोटली. २०१३ साली फिनलंडच्या मैदानी खेळांच्या संघटनेने आपली चूक कबूल करून क्षमा मागितली आणि शर्यतीचा निकाल दुरुस्त केला. तोपर्यंत तो धावपटू हयात राहिला नव्हता. उशिरा का होईना, सत्य मान्य झाले. परंतु धावणाऱ्याच्या वाट्याला त्याचे समाधान आले नाही. प्रारंभरेषा कितीही अचूक आखली, तरी शेवटच्या रेषेपाशी उभ्या असलेल्या पंचाचे मन निर्मळ नसेल, तर सारी आखणी व्यर्थ होय.

१९४० चे ऑलिंपिक सामने मुळात जपानची राजधानी टोकिओ येथे व्हावयाचे होते. चीनशी युद्ध जुंपल्यामुळे जपानने १९३८ साली तो मान सोडून दिला आणि तो हेलसिंकीला मिळाला. सारे शहर उत्साहाने कामाला लागले. क्रीडांगण तर तयारच होते. त्याच्या जोडीला सायकलच्या शर्यतींसाठी काँक्रीटचा उतरता धावमार्ग असलेले मैदान उभारण्यात आले. पोहण्याच्या तलावाची योजना झाली. परदेशी खेळाडूंच्या निवासासाठी कॅप्युला या उपनगरात एक वसाहत उभी राहू लागली. तॉलो भागात १९३५ सालीच प्रदर्शनांसाठी एक प्रशस्त सभागृह बांधलेले होते. तेही आतील खेळांसाठी उपयोगी पडणार होते.

परंतु नियतीच्या मनात निराळेच होते. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले आणि ३० नोव्हेंबर रोजी सोव्हिएट सैन्याने फिनलंडवर आक्रमण केले. त्याच दिवशी हेलसिंकीवर बाँब पडले. पाहुण्यांच्या स्वागताची तयारी करणाऱ्या नगरीला विमानांच्या घोंगावण्याने जाग आली. ऑलिंपिक सामने रद्द झाले. जे तरुण मैदानावर धावावयाचे, ते बर्फात बंदुका घेऊन उभे राहिले. त्यांतील कित्येक परतले नाहीत. वसाहतीत परदेशी खेळाडूंऐवजी शहरातील कुटुंबे राहू लागली. १९४४ च्या फेब्रुवारीत शहरावर पुन्हा तीन मोठे हवाई हल्ले झाले. युद्ध संपले तेव्हा देशाचा मोठा भूभाग गेलेला होता. चार लाखांहून अधिक निर्वासितांना घरे द्यावयाची होती आणि सोव्हिएट संघाला युद्धाची जबर भरपाई करावयाची होती. पांढरा मनोरा तेवढा जागच्या जागी उभा होता.

एवढ्या आपत्तीनंतर खेळांचा विचार कोणी केला नसता, तर त्यांना दोष देता आला नसता. परंतु फिनिश लोकांनी दिलेले वचन विसरावयाचे नाही असे ठरविले. अर्धवट राहिलेला पोहण्याचा तलाव १९४७ साली लोकांसाठी खुला झाला. त्याच वर्षी १९५२ च्या सामन्यांचा मान हेलसिंकीला देण्यात आला. त्या वेळी संपूर्ण फिनलंडची लोकसंख्या सुमारे चाळीस लाख होती. मुख्य क्रीडांगणात लाकडी बैठका वाढवून सुमारे ७०,००० प्रेक्षकांची सोय करण्यात आली. खेळाडूंसाठी कॅप्युलात नवी घरे बांधण्यात आली. शहराबाहेर ओटानिएमी येथेही निवासाची व्यवस्था झाली आणि सोव्हिएट संघ व त्याचे मित्रदेश यांचे खेळाडू तेथे उतरले. एकीकडे भरपाईच्या मालाने भरलेल्या गाड्या पूर्वेकडे जात होत्या आणि दुसरीकडे त्याच देशाच्या खेळाडूंसाठी स्वागताची सिद्धता होत होती. औदार्य म्हणतात ते याहून निराळे नसावे.

१९ जुलै १९५२ हा दिवस उजाडला. आकाश भरून आले होते आणि पाऊस पडत होता. पण बैठका गच्च भरल्या होत्या. बारा वर्षे वाट पाहिलेल्या लोकांना पावसाची काय पर्वा! देशोदेशींची पथके मैदानावर आली. सोव्हिएट संघ या सामन्यांत प्रथमच भाग घेत होता. शेवटी ज्योत घेऊन एक टक्कल पडलेला, सडपातळ पुरुष धावत मैदानात शिरला. त्याचे वय ५५ वर्षे होते, परंतु धावण्याची ढब पाहताच लोकांनी त्याला ओळखले. तो पावो नुर्मी होता. त्याने मैदानावरील कुंड पेटविले. मनोऱ्याच्या शिखरावर दुसरे कुंड होते. ते हान्नेस कोलेहमाइनेनने प्रज्वलित केले. चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्या विजयाप्रीत्यर्थ परक्यांचा ध्वज चढला होता, त्याच वृद्ध वीराने स्वतंत्र राष्ट्राच्या राजधानीत ही ज्योत उजळली. पुढे याच मैदानावर चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. मॅरेथॉन तर तो जन्मात पहिल्यांदाच धावत होता!

भारताच्या क्रीडा-इतिहासातही हेलसिंकीच्या या क्रीडांगणांना विशेष स्थान आहे. सायकल शर्यतींच्या मैदानात, धावमार्गाच्या मधल्या हिरवळीवर, हॉकीचे सामने झाले. २४ जुलै रोजी झालेल्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलंड्सचा ६ विरुद्ध १ असा पराभव केला. त्यांतील पाच गोल एकट्या बलबीरसिंगने केले. मुख्य क्रीडांगणावर नीलिमा घोष आणि मुंबईची मेरी डिसूझा या धावल्या, तर पोहण्याच्या तलावात डॉली नझीर व अवघ्या अकरा वर्षांची आरती साहा या उतरल्या. स्वतंत्र भारताच्या मुलींनी ऑलिंपिकमध्ये पाऊल टाकले ते प्रथम येथेच. त्यांना पदके मिळाली नाहीत. परंतु पुढे येणाऱ्यांसाठी वाट मात्र खुली झाली. याच आरती साहाने १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत स्मरणीय स्थान तॉलोमधील त्या प्रदर्शन-सभागृहाचे आहे. तेथे कुस्त्यांच्या गाद्या अंथरल्या होत्या. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा खाशाबा दादासाहेब जाधव हा मल्ल त्या गादीवर उतरणार होता. कोल्हापूरच्या तांबड्या मातीत त्याची तालीम झालेली. गादीवरच्या कुस्तीचा सराव त्याला बेताचाच. १९४८ साली लंडन येथे त्याचा सहावा क्रमांक आला होता. हेलसिंकीला जाण्यासाठी त्याच्याजवळ पुरेसा पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. शिष्याच्या गुणावर गुरूची किती श्रद्धा असावी, याचे हे उदाहरण होय.

खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात लढला. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांवर त्याने मात केली. जपानच्या शोहाची इशीशी त्याची झुंज दीर्घकाळ चालली व थोडक्यात हुकली. या झुंजीनंतर विश्रांतीचा पुरेसा अवधी न देताच त्याला सोव्हिएट मल्लाशी लढावयास बोलावण्यात आले, आणि त्याची बाजू मांडण्यास तेथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. तरीही त्याने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने वैयक्तिक स्पर्धेत मिळविलेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्याच्यासोबत गेलेल्या कोल्हापूरच्या केशव माणगावे याचा आपल्या गटात चौथा क्रमांक आला. त्याचे पदक थोडक्यात हुकले. खाशाबा मायदेशी परतला तेव्हा त्याच्या स्वागताच्या मिरवणुकीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. हेलसिंकीच्या सभागृहात त्याच्या बाजूने बोलावयास कोणी नव्हते. कऱ्हाडच्या रस्त्यावर सारा मुलूख त्याच्यासाठी बोलत होता. असे दुसरे वैयक्तिक पदक मिळविण्यासाठी भारताला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे, वाट पाहावी लागली. खाशाबाच्या हयातीत त्याचे जेवढे चीज व्हावयास हवे होते, तेवढे झाले नाही. १९८४ साली एका अपघातात त्याचा अंत झाला. २०१० साली दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलात कुस्तीसाठी बांधलेल्या सभागृहाला त्याचे नाव देण्यात आले.

सामने संपले आणि पाहुणे आपापल्या देशी गेले. पुष्कळदा असे घडते की, मोठ्या उत्सवासाठी बांधलेल्या इमारती उत्सवानंतर ओस पडतात आणि त्यांची निगा राखण्याचा भार मात्र नगरावर पडतो. हेलसिंकीत तसे झाले नाही. खेळाडूंची वसाहत नागरिकांच्या घरांच्या उपयोगी आली. ज्या सभागृहात खाशाबाने पदक जिंकले, तेथे शहरातील मुले व तरुण खेळावयास येतात. पोहण्याच्या तलावावर उन्हाळ्यात आबालवृद्धांची गर्दी उसळते. बास्केटबॉलचे सामने झालेल्या टेनिसच्या प्रासादात चित्रपटगृहे व कलासंग्रहालय आहे. कडक हिवाळ्यामुळे बर्फावरील हॉकी हा फिनिश लोकांचा जिवाभावाचा खेळ. त्यासाठी १९६६ साली मुख्य क्रीडांगणाजवळ एक बंदिस्त सभागृह व १९९७ साली पासिला भागात त्याहून मोठे सभागृह उभे राहिले.

मुख्य क्रीडांगणानेही काळाबरोबर आपले रूप बदलले. १९८३ साली मैदानी खेळांचे पहिले जागतिक सामने तेथेच झाले आणि २००५ साली ते पुन्हा तेथे भरले. २०१६ पासून चार वर्षे त्याची डागडुजी चालली होती. बैठकांवर छप्पर आले, जमिनीखाली नवी दालने खोदली गेली आणि प्रेक्षकांची संख्या सुमारे ३६,००० इतकी मर्यादित करण्यात आली. ऑगस्ट २०२० मध्ये ते पुन्हा खुले झाले. इतके फेरफार होऊनही पांढऱ्या मनोऱ्याला व जुन्या आकाराला धक्का लागू दिला गेला नाही. जुने जपून नवे कसे करावे, हे या कामाने दाखवून दिले.

क्रीडांगणाच्या पुढे वाय्नो आल्तोनेन या शिल्पकाराने घडविलेला धावत्या पावो नुर्मीचा पुतळा आहे. मागे मनोरा उभा आहे. प्रवासी त्यावर चढून समुद्र, बेटे आणि वनराजी न्याहाळतात. या मनोऱ्याने बाँबचे आवाज ऐकले आणि विजयाचे जयघोषही ऐकले. त्याच्या पायथ्याशी एकदा अन्याय झाला व पुढे तो कबूलही करण्यात आला. बारा वर्षे लांबलेले वचन येथेच पुरे झाले. दगड व सिमेंट कोणत्याही राष्ट्राला विकत घेता येतात. परंतु संकटात दिलेला शब्द न मोडणे, पाहुणा म्हणून कालच्या शत्रूलाही सामावून घेणे, आणि झालेली चूक मान्य करण्याचे धैर्य दाखविणे, या गोष्टी विकत मिळत नाहीत. त्या ज्या मैदानावर असतात, तेच खरे क्रीडांगण होय.